चष्म्यावर वाफ का धरते, ती कशी रोखायची: ग्वाल्हेरकरांचे नेहमीचे प्रश्न

थंडीत घरात शिरलं की चष्मा पांढरा होतो. चष्म्यात दोष आहे का?

नाही. बाहेर फिरून आलेलं भिंग थंड असतं आणि घरातल्या हवेत बाष्प असतं. हवेतलं बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन बसू लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. भिंग त्या तापमानाच्या खाली असेल तर त्यावर पाणी धरणारच, मग चष्मा तीनशेचा असो की तीस हजारांचा. घरातली हवा 16 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर दवबिंदू साडेदहा अंशांच्या आसपास येतो. जानेवारीत पहाटे पारा 5-6 अंशांवर असताना स्कूटरवरून आलेलं भिंग त्याच्या बरंच खाली असतं. स्वयंपाकघरात कुकर लागला असेल तर दवबिंदू आणखी वर चढतो. म्हणून दिवाणखान्यात हलकी वाफ धरते आणि ओट्यापाशी गेलं की काहीच दिसत नाही.

पांढरं दिसण्याचं कारण मात्र वेगळं आहे. पाणी भिंगावर सपाट पसरलं तर आरपार दिसतं. ते हजारो बारीक थेंबांच्या रूपात बसतं, प्रत्येक थेंब प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो, आणि म्हणून काच दुधाळ होते. म्हणजे उपाय दोनच प्रकारचे: पाणी बसूच द्यायचं नाही, किंवा बसलं तरी थेंब होऊ द्यायचे नाहीत. पुढचं सगळं या दोनांतच बसतं.

मे महिन्यात एसीतून बाहेर आलं तर काही होत नाही, पण श्रावणात होतं. असं का?

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी 42 अंश असले तरी हवा कोरडी असते. आर्द्रता 15 टक्के धरली तर दवबिंदू दहा अंशांच्या जवळ येतो, आणि एसीच्या खोलीतलं भिंग तेवढं गार कधीच नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये 30 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असली की दवबिंदू 25 वर जातो. 22 अंशांवर ठेवलेल्या ऑफिसातून किंवा गाडीतून उतरलात की भिंग त्याच्या खाली असतं, आणि वाफ धरते. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे एसी 26 वर ठेवणं. गाडीत असाल तर पोहोचण्याच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून काच थोडी खाली करा. विजेचं बिलही कमी येतं, ते वेगळं.

रोज करता येईल असा एकच उपाय सांगायचा तर?

भांडी घासायच्या पातळ साबणाने चष्मा धुणं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्रेंच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. साबणातले रेणू पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे बाष्प थेंब होऊन बसण्याऐवजी पातळ पापुद्र्यासारखं पसरतं. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात मास्क लावणाऱ्या डॉक्टरांसाठी हीच पद्धत छापून आली होती: साबणाच्या पाण्याने धुवा, पाणी झटका, वाळू द्या.

पद्धत अशी. आधी स्वतःचे हात धुवा, कारण हाताला तेल किंवा क्रीम असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. चष्मा नळाच्या साध्या, गार पाण्याखाली धरा, म्हणजे धूळ निघून जाईल. हे टाळून थेट चोळलंत तर धुळीचे कण भिंगावर ओरखडे काढतात. मग प्रत्येक भिंगावर मुगाच्या दाण्याएवढा साबण घ्या आणि बोटांच्या टोकांनी दोन्ही बाजूंना, कडेलाही, 15-20 सेकंद हलक्या हाताने पसरवा. नाकावरचे पॅड आणि काड्यांची कानामागची टोकं विसरू नका. घामाचं तेल तिथंच साचतं आणि दिवसभरात तेच भिंगावर येतं. शेवटी पाणी एकदाच, हलकं घाला. खळखळून धुतलंत तर साबणाचा थरही जातो. चष्मा झटका आणि काड्या उघड्या ठेवून उलटा वाळत ठेवा. घाई असेल तर स्वच्छ मायक्रोफायबरने टिपा, घासू नका.

थर साधारण अर्धा ते एक दिवस टिकतो. सकाळी आंघोळीनंतर धुण्याची सवय लागली की थंडीचे महिने निभतात.

अंगाचा साबण चालतो का?

चालत नाही असं नाही, पण बोअरिंगचं पाणी असेल तर टाळा. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार वडीच्या साबणाशी मिळून पांढरा, चिकट साका तयार करतात. बादलीच्या कडेला जमतो तोच. तो भिंगावर बसला की वाफेपेक्षा जास्त त्रास देतो. भांड्यांच्या पातळ द्रवात डिटर्जंट असतं, त्यावर जड पाण्याचा असा परिणाम फारसा होत नाही. नळाचं पाणी येत असेल तर अडचण नाही. बोअरिंग असेल तर शेवटचं पाणी आरओचं घ्या, अर्धी वाटी पुरते. लहान मुलांचा शॅम्पूही चालतो. त्यात कंडिशनर असेल तर मात्र नको.

प्रवासात धुणं जमत नाही. घरी स्प्रे करता येईल का?

येईल. 30 मिलीच्या स्प्रेच्या बाटलीत आरओचं पाणी भरा आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घाला. हलवा, फेस बसू द्या. दोन्ही बाजूंना एकेक फवारा मारून कापडाने हलकेच पसरवा. रेषा उमटल्या तर साबण जास्त झालाय, निम्मं पाणी काढून साधं पाणी भरा. यात टिकवण्याचं रसायन नसतं, म्हणून आठवड्याला ताजं करा.

लोक टूथपेस्ट, दाढीचा फोम, बटाटा, थुंकी सुचवतात. यातलं काय खरं?

टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठीचे बारीक कण असतात. प्लास्टिकच्या भिंगावर आणि कोटिंगवर ते पॉलिश पेपरसारखं काम करतात. अजिबात नको. दाढीच्या फोममध्ये साबणच असतो, त्यामुळे तो काम करतो, पण सुगंध आणि तेलकट घटक भिंगावर राहून रंगीत चकाकी दिसते. बटाट्याच्या चकतीने पिष्टाचा थर बसतो, तो वाळला की चट्टे दिसतात. पाणबुडे मास्कच्या काचेला थुंकी लावतात हे खरं आहे, पण ते लगेच पाण्यात उतरतात. महाराज बाड्याच्या चौकात कचोरी खाताना कुणी तसं करू नये.

सिरका, अमोनिया असलेले काच पुसायचे निळे द्रव आणि सॅनिटायझर यांनी कोटिंग हळूहळू उतरतं. नेलपेंट काढायचं ॲसिटोन तर पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं भिंग काही क्षणांत कायमचं धुरकट करून टाकतं.

मफलरचं काय करायचं? तो सोडता येत नाही.

ग्वाल्हेरच्या थंडीत चष्म्याचा सर्वांत मोठा शत्रू मफलरच आहे. आपण सोडलेला श्वास साधारण 34 अंशांचा आणि बाष्पाने काठोकाठ भरलेला असतो. तोंड-नाक गुंडाळलं की त्याला बाहेर पडायला एकच वाट उरते: वर, गालाच्या आणि चष्म्याच्या मधून. साबणाचा थर इथं थोडाच वेळ टिकतो, कारण प्रत्येक श्वासाला नवं पाणी येतं.

मफलर नाकाच्या शेंड्याखाली बांधा आणि वरची कड आतल्या बाजूला दोन बोटं दुमडा. त्या जाड घडीमुळे वरची फट बंद होते आणि श्वास विणीतून व खालच्या बाजूने जातो. नाक झाकायचंच असेल तर लोकरीखाली सुती रुमाल घ्या. तो बाष्प शोषतो, मात्र तो ओला झाला की बदलायला हवा. दुसरा मार्ग म्हणजे कान आणि मान कानटोपीत, आणि तोंड मोकळं. श्वास नाकाने घ्या, तोंडाने सोडा, आणि सोडताना खालचा ओठ किंचित आत घेऊन हवा खाली ढकला. दोन दिवसांत सवय होते.

तानसेन संगीत समारोहात डिसेंबरच्या रात्री उघड्या मंडपात बसणाऱ्यांना हे विशेष उपयोगी आहे. मधेच गरम चहाचा कप तोंडाशी आला की कितीही साबण लावला तरी क्षणभर वाफ धरणारच. कप थोडा खाली धरा, किंवा चष्मा कपाळावर चढवा.

हेल्मेटमध्ये चष्मा घातला की सिग्नलला काहीच दिसत नाही.

गाडी चालू असताना वारा श्वास उडवून नेतो. पडाव किंवा फूलबागेच्या सिग्नलला थांबलात की तो वारा बंद होतो आणि हेल्मेटमध्ये श्वास कोंडतो. थांबताक्षणी व्हायजर, म्हणजे हेल्मेटची पुढची पारदर्शक काच, एक खाच वर करा, आणि निघाल्यावर वेग धरल्यावर खाली करा. हेल्मेटच्या हनुवटीवरची आणि कपाळावरची हवेची झडप थंडीत लोक बंद करून टाकतात. निदान हनुवटीची उघडी ठेवा.

नाकावर बसणारी, श्वास खाली वळवणारी ब्रेथ गार्ड नावाची रबरी पट्टी हेल्मेटच्या दुकानात मिळते. ती जिथं बसते तिथं खूप फरक पडतो. व्हायजर आतून धुवायला भांड्यांचा तोच साबण वापरा. व्हायजर पॉलिकार्बोनेटचं असतं, त्याला पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल लावू नका. महाग हेल्मेटमध्ये व्हायजरच्या आत दुसरी पातळ पट्टी बसवता येते, तिला पिनलॉक म्हणतात. दोन थरांमधल्या हवेमुळे आतली पट्टी गार पडत नाही. पण लक्षात घ्या, तिने व्हायजर साफ राहतं. चष्म्यावरची वाफ ती थांबवत नाही.

आणखी एक बाब. हेल्मेटचा फोम काड्यांना दाबतो आणि चष्मा गालाला चिकटतो. सरळ, बारीक काड्यांची फ्रेम असेल तर हा त्रास कमी होतो.

पहाटेच्या धुक्यात गाडी चालवताना हेच उपाय चालतात का?

पूर्ण नाही. धुक्यात हवेतच पाण्याचे थेंब तरंगत असतात आणि ते भिंगाच्या बाहेरच्या बाजूला आदळून बसतात. ही वाफ नव्हे. इथं पाणी घसरवणारं कोटिंगच थोडं बरं, साबण फार काही करत नाही. व्हायजर खाली ठेवा, म्हणजे थेंब त्यावर बसतील, ते पुसणं सोपं आहे. वेग कमी करा, आणि दिसेनासं झालं तर रस्त्याच्या कडेला थांबूनच चष्मा पुसा. चालत्या गाडीवर एका हाताने चष्मा काढण्याचा प्रयत्न करू नका.

मास्क लावला की वाफ धरते.

श्वास नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून वर जातो. मास्कची तार दोन बोटांच्या चिमटीत दाबू नका, त्याने मधे तंबू होतो. दोन्ही हातांच्या तर्जनींनी नाकाच्या मधापासून गालाकडे सरकवत दाबा. मग चष्मा मास्कच्या वरच्या कडेवर बसवा, म्हणजे चष्म्याचं वजनच कड दाबून ठेवतं. तरी जमत नसेल तर कागदी टिशूची चार पदरी पट्टी आतून वरच्या कडेला लावा किंवा एक इंच रुंदीची सर्जिकल टेप अर्धी मास्कवर, अर्धी त्वचेवर चिकटवा. कानाचे दोर सैल असतील तर त्यांना मास्कच्या कोपऱ्याशी एक गाठ मारा, बाजूची फुगीर फट बंद होते.

मी एआरसी (अँटी-रिफ्लेक्टिव्ह) कोटिंग घेतलं, तरी जास्तच वाफ दिसते. फसवलं का?

फसवलं नाही, पण गैरसमज झालाय. एआरसी चकाकी कमी करण्यासाठी असतं. त्याच्या सगळ्यांत वरचा थर मुद्दाम पाणी आणि तेल झटकणारा केलेला असतो, म्हणजे बोटांचे ठसे सहज पुसले जावेत. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर ते गोल थेंबांच्या रूपात बसतं. म्हणून वाफ धरली की उलट जास्त पांढरी दिसते. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कटचंही तेच. बिलावर 'अँटी-फॉग' वेगळं लिहिलेलं नसेल तर ते नाही असं समजा.

अँटी-फॉग भिंग घ्यावं का?

दिवसभर मास्क घालणारे डॉक्टर-नर्स, हलवाई आणि शीतगृहात ये-जा करणारे यांनी विचार करावा. बाकीच्यांनी आधी दोन आठवडे साबण करून पाहावा, बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. भिंगं दोन प्रकारची असतात. काहींत पाणी शोषणारा किंवा पसरवणारा थर कायमचा असतो. तो इतर कोटिंगपेक्षा मऊ असू शकतो आणि ओरखडे लवकर पडतात. दुसऱ्या प्रकारात ठरावीक दिवसांनी, बऱ्याचदा आठवड्याला, सोबत आलेला द्रव किंवा कापड लावून थर जागा करावा लागतो. दुकानात तीनच प्रश्न विचारा: थर किती काळ टिकतो, द्रव संपल्यावर कुठं मिळतो, आणि एआरसीसोबत येतो की त्याऐवजी येतो.

विकतचे स्प्रे आणि कापडं वापरायची असतील तर एक लक्षात ठेवा. 2022 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी चार स्प्रे आणि पाच कापडं तपासली आणि त्यांत पीएफएएस गटातली, शरीरात व निसर्गात दीर्घकाळ टिकणारी रसायनं आढळली. गर्भवतींनी आणि लहान मुलांसाठी साबणच बरा.

फ्रेमच्या ठेवणीने फरक पडतो का?

पुष्कळ, आणि याकडे सहसा लक्ष जात नाही. चष्मा गालाला टेकत असेल तर भिंगामागची हवा हलतच नाही. हसल्यावर चष्मा वर उचलला जातो का ते पाहा. जात असेल तर तो फार खाली बसतोय. भिंग आणि डोळा यांच्यात साधारण 12 ते 14 मिलिमीटर अंतर असतं. धातूच्या फ्रेममध्ये नाकाचे पॅड आत-बाहेर वळवून चष्मा एक-दोन मिलिमीटर पुढे आणता येतो, दुकानदार पाच मिनिटांत करून देतो. पॅड नसलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटवायचे सिलिकॉनचे पॅड लावता येतात. मात्र नंबर चारच्या वर असेल तर अंतर बदलल्यावर नंबर किंचित बदलल्यासारखा वाटतो, म्हणून घरी पक्कड घेऊन बसू नका.

काचेचं जड भिंग प्लास्टिकपेक्षा जास्त वेळ गार राहतं. नवं घेताना हेही पाहा.

घरात शिरताना लगेच काय करावं?

दारातच चष्मा काढून जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ, मिनिट-दोन मिनिटं ठेवा. भिंग कोमट झालं की घाला. लगेच पुसलंत तर भिंग अजून गारच असतं, पुन्हा वाफ धरते आणि तेल मात्र पसरतं. चष्मा गॅसवर, हीटरसमोर किंवा हेअर ड्रायरच्या गरम झोतात धरू नका. उष्णतेने भिंग आणि कोटिंग कमी-जास्त प्रसरण पावतात आणि कोटिंगला बारीक तडे जातात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा विसरल्यावर हेच होतं.

स्वयंपाक करताना?

कुकरचं झाकण उघडताना ते स्वतःच्या दिशेने ढालीसारखं धरा, वाफ पलीकडे जाते. पुरणाचं पातेलं किंवा भाताचं पाणी निथळताना चेहरा बाजूला ठेवा. एक्झॉस्ट पंखा कुकर लावण्याआधी चालू करा, शिट्टी झाल्यावर नव्हे.

आणि गॅसबद्दल: एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाणी बाष्पाच्या रूपात हवेत जातं. बंद स्वयंपाकघराच्या खिडक्यांवर थंडीत पाणी ओघळतं, ते कुठून येतं ते यावरून कळेल. बाथरूममधल्या गॅस गीझरचंही तसंच. तिथं चष्म्याची वाफ ही गौण गोष्ट आहे. बंद जागेत त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्या बाथरूममध्ये हवा खेळती नसेल तर गीझर वापरूच नका.

मायक्रोफायबरचं कापड कसं धुवावं?

आठवड्याला, साध्या डिटर्जंटमध्ये, कपड्यांचं सॉफ्टनर न घालता. सॉफ्टनरचा मेणचट थर भिंगावर उतरतो. सदऱ्याचा काठ, ओढणी, पदर यांनी पुसू नका. त्यातली धूळ ओरखडे काढते आणि घाम साबणाचा थर घालवतो.

केलेला उपाय चाललाय की नाही, कसं तपासायचं?

एक भिंग साबणाने धुवा, दुसरं तसंच ठेवा. गरम चहाच्या कपावर चार बोटं उंच दोन्ही धरा आणि पाच पर्यंत मोजा. धुतलेलं भिंग पारदर्शक राहिलं पाहिजे. दोन्ही सारखीच पांढरी झाली तर साबण फार धुवून टाकलाय किंवा हाताला तेल होतं.

पुसलं, धुतलं, तरी धुरकटच दिसतं.

चष्मा दिव्याकडे तिरका धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर कोटिंग तडकलंय, त्यावर इलाज नाही, भिंग बदला. भिंग स्वच्छ असेल तर चष्मा काढून एकेक डोळा झाकून पाहा. एका डोळ्याने धूसर दिसत असेल किंवा रात्री दिव्यांभोवती कडी दिसत असतील तर हा प्रश्न चष्म्याचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना जुना चष्मा सोबत न्या.